नर्सबाई बघण्याचा कार्यक्रम

यंदाची पहिली शिंक मला आली आणि दुसरी पारूला. पारू म्हणजे माझी धाकटी जाऊ. परसातल्या पायरीवर आम्ही दोघी पाठीला ऊन देत बसलो होतो. माझी शिंक संपायच्या आत ती म्हणाली, "आली बघ आक्का, तुझी सुगी." आणि तोंडाला पदर लावून हसली. पारूच्या या हसण्यात माझ्यासाठी नेहमी एक टाचणी खोचलेली असते. आता दोघींचे मिळून धड एका माणसाला पुरतील एवढे दात उरलेत, पण टाचणी बोथट झालेली नाही.

आमच्या पट्टीत, निपाणीपासून बोरगावपर्यंत, हल्ली जिकडं बघावं तिकडं ऊस. यंदा पुतण्याला काय सुचलं कोण जाणे, घरामागच्या तुकड्यात त्यानं तंबाखू केली. माघ सरता सरता कापली आणि रानातच वाळत घातली. तो वास बऱ्याच वर्षांनी अंगणात आला. करपलेला गूळ आणि ओलं गोणपाट एकत्र केलं तर येईल तसा. सकाळी दवानं पान मऊ पडतं, तेव्हा उलटून घ्यायचं. ऊन चढलं की नुसता हात लागला तरी चुरा. बायकांच्या बोटांना काळा चिकटा बसायचा. तो राखेनं जायचा नाही, साबणानं जायचा नाही. सुगी संपून पाऊस लागेपर्यंत भाकरी कडू लागायची, आणि पोरांच्या गालाला हात लावला तरी पोरं तोंड फिरवायची.

हा वास आला की मला उप्पिटाचा वास येतो. तुपावर भाजलेला रवा, कढीपत्ता, वर ओलं खोबरं. तंबाखू आणि उप्पीट यांचा तसा काही संबंध नाही. माझ्याच डोक्यात त्यांची गाठ बसली आहे आणि ती मीच मारलेली आहे. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं मी काही गुपित फोडत नाही. अजून कुणाकडं परगावची पाहुणी आली आणि मी दिसले, की कुणीतरी म्हणतंच, "वैनींच्या घराकडनं नेऊ नगा रं पाहुणीला, उपाशी जाईल." सगळे हसतात. मीही हसते. सगळ्यांत मोठ्यानं हसते, म्हणजे बाकीचं काही कुणाला ऐकू जात नाही.

माझी नात पूजा बेळगावात नर्सिंग शिकली. एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर नर्सची जागा निघाली आहे, एकच जागा, आणि मुलाखत बेळगावात. गेल्या आठवड्यात ती गावी आली ती तयारी करायलाच. संध्याकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसली. "आज्जी, तू साहेब हो. मला प्रश्न विचार."

"मला नको गं त्यात ओढूस," मी म्हणाले.

"का गं?"

माझ्याऐवजी पारू बोलली. शेंगा फोडता फोडता, मान वर न करता. "आक्काला नर्सा निवडायचा लई अनुभव हाय, पोरी. आधी चालून दाखव म्हणंल. मग गाणं."

पूजाला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

त्या वेळच्या माझ्याविषयी मला कधी कधी वाटतं, की ती दुसरीच कुणीतरी बाई असती तर मी तिच्या शेजारी बसले नसते. लग्नाला काही वर्षं झालेली. बेळगावच्या शहापुरातल्या विणकरांच्या घरातली, म्हणजे खेड्यात दिलेली शहरातली मुलगी. मॅट्रिक पास. खडेबाजारातून घेतलेली पर्स होती तिच्याकडं, तिच्यात ठेवायला काही नव्हतं तरी ती काखेत असायची. गावात महिला मंडळ निघालं तेव्हा अध्यक्षा कोण, तर ही. का, तर बाकीच्यांच्या घरी जाजमं होती आणि हिच्या घरी खुर्ची होती. त्या खुर्चीवर ती अशी बसायची, की खुर्चीलाच वाटावं आपण काहीतरी मोठं काम करतोय.

निपाणीतल्या एका दवाखान्याच्या ट्रस्टनं तेव्हा ठरवलं, की आमच्या भागातल्या दोन गावांना एकेक नर्स द्यायची. एक आमच्या गावाला, एक ओढ्यापलीकडच्या गावाला. पगार ट्रस्टचा, राहायला खोली गावाची. आणि निवड करायची गावातल्या बायकांनी, कारण गरज त्यांची. ट्रस्टचे म्हातारे डॉक्टर स्वतः येऊन हे सांगून गेले. फार शहाणा माणूस. एवढंच त्यांना कळलं नाही, की आम्ही बायकांनी जन्मात कधी कुणाला कामासाठी निवडलेलं नव्हतं. आम्ही निवडल्या होत्या त्या फक्त सुना. माणूस निवडायची एकच रीत आम्हाला ठाऊक होती, आणि ती आम्ही चोख पार पाडली.

नर्स कशाला पाहिजे हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आदल्या सुगीत पारूचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. ती रानात पान उलटत होती तेव्हा दुखायला लागलं. बांधावर, कापलेल्या तंबाखूच्या कडेला, आम्ही लुगड्याचा आडोसा धरला. निपाणी काही लांब नाही, पण त्या दिवशी फार लांब होती. त्यानंतर पारू कितीतरी दिवस नुसती बोटांचा चिकटा दगडावर घासत बसायची. आणि आता पुन्हा सुगी आली होती, आणि पारूला पुन्हा दिवस गेले होते. ती मला एकदाच म्हणाली होती, "आक्का, चांगली बाई बघ हं."

तर आम्ही बघण्याचा कार्यक्रम ठेवला. हाच शब्द होता आमच्या तोंडी. अंगण सारवलं, जाजमं घातली. मंडळाच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. मी शहापुरी साडी नेसले, माहेरच्या मागावरची, आणि खुर्ची मधोमध घेतली. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो, दाराशी पानाचा डबा घेऊन बसल्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात उप्पीट शिजत होतं. आणि बशा भरलेलं ताट घेऊन यायचं ते मुलीनं, म्हणजे नर्सनं. बघायला आलेल्यांना मुलगी हातानं देते तसं.

पहिली आली ती नलिनी. कोल्हापूरकडची, आईला घेऊन आलेली. गोरी, लांब वेणी, नजर खाली. तिनं ताट असं फिरवलं, की एका बशीचाही आवाज झाला नाही. आम्ही विचारलं, भाऊ किती, शिवण येतं का, बारा माणसांचा स्वयंपाक एकटीला जमेल का. सगळ्याला "हो बाई". मी म्हणाले, गाणं म्हण. तिनं देवीचं गाणं म्हटलं. एका म्हातारीनं तर डोळे पुसले. तू आजवर किती बायकांची बाळंतपणं केलीस, हे कुणाच्या मनात आलं नाही. मग मायलेकींना आत नेऊन आम्ही पोटभर खाऊ घातलं.

दुसरी दुपारी आली. महादेवी. हुक्केरीच्या बाजूची, एकटीच, सकाळी नुसता चहा पिऊन निघालेली आणि बस बदलत बदलत आलेली. फाट्यापासून आमच्या गावापर्यंत चालत. काळीसावळी, हाडापेरानं रुंद, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिच्या हातात ताट दिलं तर तिनं ते खाली ठेवलं, रांजणातलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग उचललं. मला राग आला. मला वाटलं आमचं ताट हिला ओवळं वाटलं.

तिनं सगळ्यांना बशा दिल्या. एक उरली. ती ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, क्षणभर. आता इतक्या वर्षांनी मला तो क्षण हवा तेवढा लांबवता येतो. तिला वाटलं असणार की ती बशी तिची. कुणालाही वाटलं असतं. मी म्हणाले, "ती झाकून ठेव आत. आमच्या ह्यांना लागंल."

तिनं आत नेऊन झाकून ठेवली. नीट ठेवली. वर ताटली, ताटलीवर वाटी, मांजरानं पाडू नये म्हणून.

बाहेर येऊन ती जाजमावर बसली आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तिनंच सुरू केलं. "प्यायचं पाणी कुठलं? विहीर उघडी हाय का? बाळंतिणीला कुठं ठेवता? मागच्या वर्षात इथं किती पोरं गेली?" तिचं मराठी कन्नडच्या चालीचं, शब्द नीट पण वळण तिकडचं. जाजमावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बघायला आणलेली मुलगी कधी प्रश्न विचारते? आणि असले?

"त्ये असू दे," मी म्हणाले. "आधी जरा चालून दाखव."

"फाट्यापासनं चालतच आले की, बाई."

आत्ती दाराशी खुदकन हसल्या. मी हसले नाही. ती उठली आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. येता येता दारामागं उभ्या असलेल्या पारूपाशी थांबली. खाली बसली आणि पारूच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"कधीपासनं सुजलाय पाय?"

"बाजार झाल्यापासनं," पारू म्हणाली.

"डोकं दुखतंय? डोळ्याफुडं अंधारी?" पारूनं मान हलवली, नाही म्हणून. "तसं झालं तर घरात पडून ऱ्हायचं न्हाय. लगेच दवाखाना. आणि उद्यापासनं तंबाखूत जायाचं न्हाय."

भर सुगीत आमच्या घरची माणसं रानात जायची की नाही, हे ठरवणारी ही कोण? त्या सुगीतलं माझं सगळ्यात हुशारीचं वाक्य तेव्हा माझ्या तोंडून आलं. "कळवतो आम्ही."

ती गेली. तिला पाणी कुणी विचारलं का, मला आठवत नाही. विचारलं असावं अशी मी इतकी वर्षं आशा करते आहे.

पारू माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. "आक्का, हिलाच ठेवूया. हिनं माझ्या पायाला हात लावला."

"तुला काय कळतंय," मी म्हणाले. आणि झाकलेली बशी उघडून, उभ्या उभ्या, मीच खाऊन टाकली. नवऱ्याला उप्पीट आवडतच नव्हतं.

ट्रस्टला काय कळवायचं? लग्नात नकार देताना पत्रिका जमत नाही म्हणतात, म्हणजे कुणाचं मन दुखत नाही. मी कळवलं, महादेवी चांगल्या आहेत पण भाषा जमत नाही. आत्तींना हे सांगितलं तेव्हा त्या पान लावत होत्या. त्यांचं माहेर गोकाककडचं; भावांशी कन्नड, आमच्याशी मराठी. त्या मला म्हणाल्या, "भाषा जमत न्हाय व्हय? मग मी म्हशीला रोज कुठल्या भाषेत शिव्या घालतीया गं? तिला तर समदं कळतंय." अध्यक्षा म्हशीविषयी बोलत नाहीत.

आणि मला माहीत होतं. यात सगळ्यात वाईट काय, तर मला माहीत होतं. शहापूरच्या आमच्या घरी मला बघायला आले होते तेव्हा वडिलांनी माग बंद ठेवले होते. जन्मापासून कानात असलेला तो खटखटाट थांबला आणि घर एकदम परक्यासारखं झालं. मी सकाळपासून उपाशी, आईनं साडी नेसवली आणि हातात ताट दिलं. खोबऱ्याचा वास माझ्या नाकाखालून एकेका पाहुण्याच्या हातात जात होता. मला चालायला लावलं, मी चालले. सुई ओवायला लावली, ओवली. पोटात एवढा आवाज झाला, की मला वाटलं नवरदेवानं ऐकला. सगळे गेल्यावर आईनं पातेल्याला लागलेली खरवड उलथन्यानं काढून माझ्या हातावर ठेवली. त्या खरवडीची चव मी अजून विसरले नाही.

तरी मी ते केलं. विसरून केलं म्हणावं, तर तसंही नाही. ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसायला मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि मला ते आवडलं होतं. लाज वाटते ती या आवडण्याची. नकाराचं काय, नकार चुकतात. पण मी खुर्चीवर बसून एका उपाशी बाईला चालायला लावलं, आणि मला छान वाटलं.

पारू परवा म्हणाली, "किती वर्षं उगाळशील? मी मेले व्हय?" तिचं बरोबर आहे. ती मेली नाही. पण त्यात माझा काही हात नाही.

नलिनीला आम्ही ठेवून घेतलं. गोड मुलगी, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तिनं खोलीला पडदा लावला, डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, पोरांच्या खरजेला औषध लावलं. सुगी भरात आली तसे निपाणीचे व्यापारी माल बघायला यायला लागले. त्यातल्या एकाची आई बरोबर आली होती. तिनं माल बघितला आणि नलिनीलाही बघितलं. पारूचे दिवस भरत यायच्या आत नलिनीचं लग्न ठरलं, आणि तंबाखू वखारीत पोचायच्या आत ती सासरी गेली. आम्ही बायकांनी तिची ओटी भरली आणि रडलो. आम्ही तिला सुनेसारखी निवडली होती. ती निघालीही सूनच, फक्त दुसऱ्याच्या घरची.

महादेवीला तोवर ओढ्यापलीकडच्या गावानं ठेवून घेतलं होतं.

मग आली ती दुपार, माल ट्रकात भरायची. पारू सावलीत बसून पेंढ्यांना दोऱ्या वळत होती. एकदम म्हणाली, "आक्का, डोळ्याफुडं पानं नाचायला लागल्यात." मी म्हणाले, वारा सुटलाय. वारा अजिबात नव्हता. मग तिनं डोकं धरलं. तिचा चेहरा सुजला होता, आणि मी तो रोज बघत असल्यामुळं मला तो दिसला नव्हता. मला ते अंगणातले शब्द आठवले, डोकं, अंधारी, लगेच दवाखाना. मी पर्स न घेता पळाले.

ओढा ओलांडून मी पलीकडच्या गावात शिरले. महादेवी एका घराच्या सोप्यात जेवायला बसली होती. ताटात भाकरी, झुणका, कांदा. पहिला घास तिच्या हातात होता. मी धापा टाकत दारात उभी राहिले. कुठल्या तोंडानं बोलावं कळेना.

तिनं माझ्याकडं बघितलं. घास परत ताटात ठेवला. "त्या सुजलेल्या पायाची का?"

मी मान हलवली. ती हात धुऊन, पिशवी घेऊन निघालीसुद्धा. दुसऱ्यांदा माझ्यामुळं ती अन्नावरून उठली. येताना ती पुढं आणि मी मागं. मला तिचं चालणं गाठता येत नव्हतं. हिला मी चालून दाखव म्हणाले होते.

तिनं पारूचे डोळे बघितले, पाय बघितले, पोटाला हात लावून बसून राहिली. मग म्हणाली, "हितं माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. निपाणीला न्यायला पायजे, आत्ता." बांधाला ट्रक लागला होता, निम्मा भरलेला. ती सरळ ट्रककडं गेली. "माल उतरा."

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, वखार बंद हुईल. मालकाला काय सांगू?"

आत्ती कधी तिथं आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी त्याला कन्नडमध्ये असं काही सुनावलं, की म्हैस असती तर खाली बसली असती. तो मुकाट्यानं पेंढ्या उतरवायला लागला.

ट्रकच्या फळ्यांवर गोणपाट टाकून पारूला निजवलं. तिचं डोकं महादेवीच्या मांडीवर, पाय माझ्या हातात. सगळीकडं तंबाखूचा चुरा. प्रत्येक खड्ड्याला तो उडायचा आणि आम्ही तिघी शिंकायचो. अशा वेळी शिंकांनी हसू येईल असं कुणाला वाटणार नाही, पण पारू हसली. मग तिला झटका येतोय की काय म्हणून महादेवीनं तिची हनुवटी धरली, आणि मी तिच्या सुजलेल्या पायाला धरून जे जे देव आठवले त्यांना हाका मारल्या. माझ्या बोटांचे खळगे तिच्या घोट्यावर निपाणीपर्यंत तसेच होते.

दवाखान्यात मुलगी झाली. कापसासारखी हलकी, पण रडली. पारूला शुद्धीवर यायला वेळ लागला. ती शुद्धीवर आली तेव्हा महादेवी बाकावर झोपली होती, तोंड उघडं टाकून.

पारूला घरी आणल्यावर महादेवी तिला बघायला आली. त्याच अंगणात, पण आता जाजमं नव्हती आणि खुर्ची मी माळ्यावर टाकली होती. बाळाला बघून झालं, पारूला बघून झालं. मग ती कट्ट्यावर बसली, पाय हलवत, आणि म्हणाली, "उप्पीट हाय का?"

मी आत गेले. रवा भाजला, वर ओलं खोबरं घातलं. ताट घेऊन बाहेर आले तर आत्ती, पारू, शेजारणी, सगळ्या ओळीनं बसून माझ्याकडं बघत होत्या. डोक्यावरचा पदर सरकत होता आणि दोन्ही हात अडकलेले.

"चालती चांगली," महादेवी आत्तींना म्हणाली. मग मला, "शिवण येतंय का?"

"येतंय," मी म्हणाले.

"गाणं?"

आत्तींना हसू आवरेना. पारू टाके दुखतात म्हणून हसायचं टाळत होती आणि आणखीनच हसत होती. मी मान खाली घालून उभी होते, नलिनीपेक्षा छान.

महादेवीनं बशी घेतली. सगळं खाल्लं, बोटानं बशी पुसून घेतली. "मीठ जरा कमी हाय. पण पसंत." आणि मग, हसणं विरल्यावर, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात, "त्या दिवशी वास लई सुटलाता, बाई. बस संकेश्वरला पोचली तरी नाकातनं जाईना."

थोड्या वेळानं मी तिला विचारलं, पलीकडच्या गावानं तुम्हाला काय विचारून ठेवून घेतलं. ती म्हणाली, "एक म्हातारी हुती. तिनं इचारलं, जेवलीस का. न्हाय म्हणाले. मग जेवले आणि ऱ्हायले."

त्या एका सुगीची किंमत आमच्या गावानं नंतर कितीतरी वर्षं दिली. ट्रस्टनं आम्हाला दुसरी नर्स दिली नाही; नर्स मिळतच नव्हत्या. आमच्या बायका ओढा ओलांडून महादेवीकडं जायच्या. ती सगळ्यांना बघायची, आमच्या गावातही यायची, पण राहायला कधी आली नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, "तुमच्या गावात माझी पसंती झाली न्हाय की." हसत म्हणायची. पावसाळ्यात मात्र ओढा भरला की ना आम्हाला जाता यायचं, ना तिला येता यायचं. त्या दिवसांत आमच्या गावात जे झालं ते इथं लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालं त्या बायका अजून मला वैनी म्हणतात, आणि सणाला ताट पाठवतात. ते ताट घेताना मला दर वेळी दोन्ही हात पुढं करावे लागतात.

काल पूजाची मुलाखत होती. मी पहाटेच उठून रवा भाजला. तिनं दोन घास खाल्ले. "आज्जी, बस चुकंल." उरलेलं मी डब्यात घातलं.

"आज्जी, मुलाखत हाय, लग्न न्हाय," ती म्हणाली. पण डबा घेतला.

दिवसभर मला काही सुधरेना. पारू दोनदा म्हणाली, "आक्का, बस की जरा." मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. पुतण्याच्या रानात बायका पान उलटत होत्या, आणि त्यांच्या शिंका कुंपणावरून येत होत्या.

दिवेलागणीला पूजा आली. चप्पल काढायच्या आत मी विचारलं, "खायला दिलं का?"

"कोण देतंय आज्जी तिथं. सकाळी गेलेल्या पोरी दुपारपर्यंत बाकावर. आत बोलावलं, चार प्रश्न, झालं."

"मग डबा खाल्लास का?"

"खाल्ला. माझ्या शेजारी एक पोरगी हुती, अथणीकडची. रात्रीच निघालेली घरनं, पोटात काय न्हाय. हुशार हाय गं लई, मला वाटतंय तिचंच हुईल. मग दोघींनी खाल्लं." तिनं पिशवीतून रिकामा डबा काढून माझ्या हातात दिला. आत रव्याचा एक कणही नव्हता.

"पुरलं का?"

"न्हाय पुरलं, आज्जी."

पारूनं माझ्याकडं बघितलं. या वेळी तिनं टाचणी लावली नाही. मी स्टूल ओढलं, आणि फळीवरचा जेवणाचा मोठा डबा खाली काढला.